बांधाची पाहणी करून घेताय? आधी ओढ्यानं खाली चाला

स्वतःच्या रानात मातीचा बांध असेल आणि त्याचा धोका-वर्ग ठरवायला इंजिनिअर येणार असेल, तर तयारीचा पहिला दिवस बांधावर घालवू नका, बांधाखाली घालवा. मागच्या खेपेला मी उंची, लांबी, पाणीसाठा सगळं वहीत लिहून तयार होतो. ‘खाली काय आहे?’ या प्रश्नावर ‘काही नाही, ओढा आहे’ एवढंच सांगितलं. बांध सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात गेला. दिवाळीनंतर ओढ्याकडं गेलो तर काठावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, उभ्या राहिलेल्या. बाभळीला साडीची झोळी, झोळीत तान्हं पोर, आणि तिथून चार पावलांवर ओढ्याची वाळू. सगळी पाहणी पुन्हा करावी लागली, आणि करायलाच हवी होती.

वर्ग ठरतो तो बांध फुटला तर खाली कोण सापडेल यावर. बांध भक्कम आहे की खचलाय, हा वेगळा प्रश्न. म्हणून ओढा सीना नदीला मिळेपर्यंत चाला. वस्ती, शाळा, गोठे, विहिरीवरच्या मोटारी, पूल, फरशी, सगळं लिहा. एकदा आत्ता चाला, एकदा गाळप सुरू झाल्यावर चाला, कारण मे महिन्यात मोकळं दिसणारं रान तेव्हा मोकळं नसतं.

सातबारा, मोजणीचा नकाशा, जुन्या कामाची बिलं काढून ठेवा.

उंची मोजताना ओढ्याच्या तळापासून टेप लावू नका. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात उंची धरतात ती पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत. १५ मीटरच्या वरचं धरण खासगी असलं तरी कायद्यात येतं. १० ते १५ मीटरमधलं, साठा दहा लाख घनमीटर किंवा लांबी ५०० मीटर भरली तरी येतं. आपले बहुतेक बांध या मापांपेक्षा लहानच. पण कायद्यातून सुटला म्हणजे खालची माणसं सुटली असं होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खालची भेंदवाडी वाहून गेली. चाला, ओढ्यानं चाला.

झुडपं काढा. मोठी वेडी बाभूळ मात्र मुळासकट उपटू नका, भरावात पोकळी राहते. आधी इंजिनिअरला दाखवा. घुशी-खेकड्यांची बिळं घाईनं बुजवू नका, चुन्यानं खूण करा. काळ्या मातीला वैशाखात तडे जातात, ते तेव्हाच बघून ठेवा. बांधाच्या लांबीनं गेलेला तडा वाईट, पण पाणीबाजूकडून पायथ्याकडं आडवा गेलेला त्याहून वाईट, पाण्याला तो सरळ वाट देतो.

पायथ्याला पाझर दिसला तर काचेच्या ग्लासात धरा. नितळ असेल तर रोज मोजत राहा. गढूळ असेल तर पाण्याबरोबर आतली माती निघतेय. पाहणीची वाट बघू नका, त्याच दिवशी माणूस बोलवा आणि साठा उतरवायला लागा.

सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी वाढवलं असेल तर आजच काढा. पुढच्या पिकासाठी करतात हे मलाही कळतं. पण माथ्यावरून पाणी गेलं की मातीचा बांध टिकत नाही, आणि आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतो, तलाव आधीच भरलेला असताना.

मोजपट्टी, खुंट्या, फोटो, तारखा. तलाठी आणि पोलीस पाटलांचे नंबर.

आणि कोप्यांच्या मुकादमाचा नंबर. तो दरवर्षी बदलतो, दरवर्षी नव्यानं घ्या. ओढ्यावर गेल्याशिवाय तो मिळत नाही.