ड्रायव्हरमध्ये मेमरी मागताना गुणाकार हाताने करू नका

लिनक्स ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) ‘के-मॅलॉक (संख्या × आकार)’ अशी, म्हणजे कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) तेवढे बाइट मेमरी मागणारी ओळ दिसली की मी तिथेच थांबतो. समजा, एक नोंद १६ बाइटची आहे आणि प्रोग्रॅमने २६,८४,३५,४५७ नोंदी मागितल्या. ३२ बिटांत हा गुणाकार मावत नाही. वरचे बिट गळतात आणि हाती उरतात फक्त १६. कर्नल निमूटपणे १६ बाइट देतो, पुढचा लूप मात्र कोट्यवधी नोंदी लिहायला निघतो आणि शेजारची मेमरी तुडवतो. ६४ बिटच्या मशीनवरही निर्धास्त राहू नका. दोन्ही आकडे ‘यू-३२’ (३२ बिटांचे बिनचिन्ही पूर्णांक) असतील, तर गुणाकार ३२ बिटांतच होतो.

आधी प्रत्येक संख्या येते कुठून, ते शोधा. आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा), यूएसबी डिस्क्रिप्टर (यूएसबी डिव्हाइसने स्वतःबद्दल दिलेली माहिती), फर्मवेअर (डिव्हाइसमधलं सॉफ्टवेअर): बाहेरून आलेल्या आकड्याला डिव्हाइसच्या गरजेएवढी कमाल मर्यादा घाला. आकडा युजरस्पेसमधून (साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून) एकदाच कॉपी करा. तपासल्यावर तो पुन्हा वाचलात, तर मधल्या क्षणात बदललेला असू शकतो.

मग फंक्शन बदला. साध्या ॲरेसाठी (सारख्या नोंदींच्या रांगेसाठी) ‘के-मॅलॉक-ॲरे’, शून्यांनी भरलेला हवा असेल तर ‘के-कॅलॉक’. गुणाकार मावला नाही, तर दोन्ही ‘नल’ (रिकामा पत्ता, म्हणजे मेमरी मिळाली नाही) देतात.

स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) शेवटी लवचीक ॲरे, म्हणजे लांबी आधी न ठरलेला ॲरे असेल, तर आकार ‘स्ट्रक्ट-साइझ’कडून काढून घ्या. २०१८ च्या ४.१८ आवृत्तीपासून तो कर्नलमध्ये आहे. हिशोब मावला नाही की तो ‘साइझ-मॅक्स’ देतो, म्हणजे शक्य तितका मोठा आकडा. एवढी मेमरी मिळणं अशक्य, म्हणून मागणी फसते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

पण इथेच चांगले प्रोग्रॅमरही चुकतात. त्या उत्तरात कुणी सहज ‘+ ८’ केलं, की कमाल आकडा उलटून ७ होतो आणि सगळं संरक्षण वाया जातं. बेरीज ‘साइझ-ॲड’ने, गुणाकार ‘साइझ-मल’ने करा आणि उत्तर ‘साइझ-टी’ या आकारासाठीच्या प्रकारातच ठेवा. ‘इंट’मध्ये (साध्या पूर्णांकात) ठेवलंत, तर ते कापलं जाईल.

‘नल’ची तपासणी अर्थातच हवी. नंतर त्या लवचीक ॲरेत डेटा कॉपी करताना लांबी ‘फ्लेक्स-ॲरे-साइझ’ने काढा.

शेवटी केॲसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू असलेल्या कर्नलवर २६,८४,३५,४५७ हाच आकडा मुद्दाम पाठवून पाहा. ड्रायव्हरने ‘ईइनव्हल’ (चुकीचा आकडा) किंवा ‘ईनोमेम’ (मेमरी नाही) ही त्रुटी परत करायला हवी.