मिन्योसोचा वेग तक्त्यात कसा शोधायचा

मी क्लब क्रिकेटचा जुना स्कोअरर. बेसबॉलचा तक्ता पहिल्यांदा उघडला तेव्हा सवयीने नजर सरासरीवर गेली आणि तिथेच फसलो. क्यूबात जन्मलेला मिनी मिन्योसो, लेफ्ट फील्डचा (मैदानाच्या डाव्या टोकाचा) खेळाडू, टोपणनाव ‘क्यूबन कॉमेट’, सरासरी .300 च्या आसपास, म्हणजे दर दहा वेळांत तीनेक हिट (फटका मारून बेस गाठणं). बरा आहे, एवढंच म्हणून पान उलटलं.

तुम्ही आधी चोरलेले बेस बघा, म्हणजे फटक्याविना, चेंडू टाकला जात असताना पळून गाठलेले पुढचे बेस. 1951 ते 1953, सलग तीन वर्षं, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) त्याचाच आकडा सर्वांत मोठा. 1951 मध्ये 31. पण लगेच शेजारचा ‘पकडला गेला’ हा रकाना वाचा. दहातले सातेक प्रयत्न साधले नाहीत, तर चोरी संघाला महागच पडते. मिन्योसो पकडलाही पुष्कळदा जायचा. क्रिकेटच्या भाषेत, किती एकेरी धावा चोरल्या ते सांगायचं आणि किती वेळा धावबाद झालो ते गिळायचं, असं करू नका.

माझा भरवसा ट्रिपलच्या रकान्यावर, म्हणजे एकाच फटक्यावर तिसरा बेस गाठण्याच्या. दोन फील्डरांच्या मधून चेंडू गेला की दुसरा बेस बरेच जण गाठतात. तिसरा गाठायला पायच लागतात. 1954 मध्ये त्याचे ट्रिपल 18, लीगमध्ये सर्वाधिक.

मग चेंडू अंगावर घेतल्याचा रकाना. हा मी कितीतरी दिवस वगळत होतो, चूकच. चेंडू लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, आणि असा माणूस पहिल्या बेसवर म्हणजे पुढच्या चोरीची तयारीच. मिन्योसो प्लेटला (फलंदाजाच्या शेजारची जमिनीवरची पाटी, जिच्यावरून चेंडू टाकतात) खेटून उभा राहायचा. यात तो दहा हंगाम लीगमध्ये पहिला होता. 1955 मध्ये चेंडूने कवटीला तडा गेला, तरी 1956 मध्ये पुन्हा पहिलाच! म्हणून नुसती सरासरी नको, बेसवर पोचण्याचं प्रमाण बघा, त्याचं .390 च्या जवळ आहे.

बेरीज वाचण्याआधी तक्ता कुठून सुरू होतो ते तपासा. जुन्या पुस्तकांत पहिली ओळ 1949 ची, क्लीव्हलंड संघाची. 1946 ते 1948 तो निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) न्यूयॉर्क क्यूबन्स संघाकडून खेळला, तेव्हा क्षेत्ररक्षण थर्ड बेसवर. त्या लीगना मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तराचा, दर्जा 2020 मध्ये मिळाला, म्हणून नव्या-जुन्या बेरजा जुळत नाहीत.

तळाच्या 1976 आणि 1980 च्या ओळी वेगाच्या हिशेबात धरू नका. 1976 मध्ये पन्नाशीतला मिन्योसो तीन सामने खेळला. आठ वेळा बॅट, एक हिट. त्या एका हिटवर मात्र मी पेन्सिलीने खूण केली आहे.