दिवाळखोर देशावर विनोदी सिनेमा लिहिताय? या चुका टाळा

तिजोरी उघडते, आतून झुरळ बाहेर पडतं, अर्थमंत्री कपाळावर हात मारतो. या विषयावरच्या निम्म्या पटकथा इथूनच सुरू होतात आणि इथेच चुकतात. देशाकडच्या स्वतःच्या नोटा संपत नसतात, त्या छापता येतात. झिम्बाब्वेने 2009 मध्ये 100 लाख कोटी डॉलरची एक नोट काढली होती. संपतं ते परकीय चलन. श्रीलंकेत 2022 मध्ये लोकांकडे रुपये होते, पण पेट्रोलचं जहाज कोलंबोबाहेर उभं राहिलं, कारण सरकारकडे द्यायला डॉलर नव्हते. कागद मिळेना म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा लांबल्या.

एका कार्यशाळेत अशीच झुरळवाली पटकथा आली. वाचनात पहिला हशा मिळाला, पुढची वीस पानं सगळे गप्प. पैसाच नाही म्हटल्यावर पात्रांना करायला काही उरलंच नव्हतं. कर्ज कुणाचं, कोणत्या चलनातलं, हप्ता कधीचा, असं विचारलं तर लेखक म्हणाला, "मॅडम, कॉमेडीत एवढं कोण बघतं?" या वाक्याचा मला मनापासून राग येतो. बघणाऱ्याला आकडे कळत नसतील, पण पोकळपणा लगेच कळतो. त्याला म्हटलं, बंदराबाहेर अडकलेलं औषधांचं एकच जहाज घे. पुढच्या वाचनाला मंत्री, दलाल, कप्तान आणि किनाऱ्यावर वाट बघणारा रुग्णाचा मुलगा, सगळ्यांना काम मिळालं होतं. झुरळ न सांगता गेलं.

म्हणून पहिल्या दृश्याआधी मी वहीत सावकार, चलन आणि मुदत लिहून ठेवते. 1979 च्या ‘अमेरिकाथॉन’मध्ये 1998 सालची कंगाल अमेरिका आहे. सिनेमा विस्कळीत आहे, पण सावकार आणि मुदत ठरलेली असल्यामुळे राष्ट्राध्यक्षाने टीव्हीवरून देणग्या गोळा करणं पटतं.

दुसरी चूक म्हणजे अतिशयोक्तीची घाई. अर्जेंटिनात 2001 च्या अखेरीस जेमतेम दोन आठवड्यांत पाच जणांनी राष्ट्राध्यक्षपद सांभाळलं. 2022 मध्ये लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये एका बाईने बहिणीच्या उपचारांसाठी खेळण्यातलं पिस्तूल दाखवून बँकेतून स्वतःचीच ठेव काढली. यासमोर तुमचा उडता मंत्री फिका पडतो. मीम गोळा करून संवाद रचण्यापेक्षा त्या देशांच्या त्या काळातल्या बातम्या महिनाभर वाचा. कंटाळा येईल, तरी वाचा.

रांगेतल्या माणसाची टिंगल नको. मागच्या दाराने माल नेणारा शोधा.

सगळे मंत्री मूर्ख नकोत. एक तरी हुशार हवा, म्हणजे भीती वाटते.

निवेदकाकडून अर्थशास्त्र वदवून घेऊ नका. हॉटेलच्या फळ्यावर खोडून पुन्हा लिहिलेला चहाचा दर पुरतो.

आणि साल 2150 ठेवू नका. लांब मुदतीचे सरकारी रोखे, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे कागद, बहुधा दहा, वीस, तीस वर्षांचे असतात. आज जन्मलेलं मूल ते फेडताना दिसेल, इतकंच पुढे जा.