फोन कपाटात गेला आणि पट्टी जुळली

चोपड्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. गेल्या वर्षी एका शेतकरी बाबांच्या पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, 42 क्विंटलचे 24 लिहिले. कारण फोन. दर दोन मिनिटांनी वाजायचा, मी बघायचो, आणि आकडा डोक्यातून निसटायचा. ते बाबा काहीच बोलले नाहीत. पट्टी हातात धरून नुसते उभे राहिले. फार लागलं मनाला.

मग फोन कपाटात आणि टेबलावर चावीचा टायमर. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुटी. ही पद्धत फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना, 1980च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर बसवली. म्हणून तिचं नाव पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. पहिले चार दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. गाड्या भरताना मात्र हे जमत नाही, माणसं हाका मारणारच. म्हणून आदल्या दिवशीच्या पट्ट्या मी सकाळी, गाड्या लागायच्या आत उरकतो.

आता प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचून दाखवतो. घडांचं वजन, भाव, कपात, सगळं. हे काम माझं आहे असं तेव्हा वाटतं. परवा तेच बाबा आले, ऐकलं, आणि म्हणाले, "बराबर शे, भाऊ."