दुर्बिणीत मंगळ नुसता केशरी ठिपका दिसतो? या चुका टाळा

नवी दुर्बीण घेऊन मंगळ पाहणारे बरेच जण पहिल्याच रात्री हिरमुसतात. दुर्बीण बहुतेक वेळा ठीकच असते. चुकते ती वेळ, जागा आणि घाई.

आधी वेळ. मंगळ दर 26 महिन्यांनी प्रतियुतीत येतो, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आणि रात्रभर आकाशात. एरवी त्याचं बिंब इतकं बारीक होतं की हाती काही लागत नाही. 2027 ची प्रतियुती 19 फेब्रुवारीला आहे, सिंह राशीत मघाजवळ. बिंब 14 आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3600 वा भाग) आसपास, 2018 च्या प्रतियुतीतल्या बिंबाच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण बीड, लातूर, परभणीवरून तो मध्यरात्री जवळपास डोक्यावर येईल आणि पावसाळी ढगांचा त्रास नसेल. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, असेल तर मात्र ऐन डोक्यावरचा ग्रह धरून ठेवणं जिकिरीचं जातं. तास-दीड तास आधीच पाहून घ्या.

सगळ्यात मोठी चूक गच्चीची. दिवसभर तापलेल्या स्लॅबला रात्री दहाला हात लावून बघा, अजून कोमट लागतो. ती ऊब वर चढते आणि मंगळ पाण्याखालच्या नाण्यासारखा हलतो. शेत जवळ असेल तर सरळ आखाड्यावर जा. मोकळी माती लवकर निवते. दुर्बीणही घरातून काढून तासभर आधी बाहेर ठेवा, नळीतली गरम हवा निघून जाऊ द्या.

तरीही चित्र खराब? मघा ताऱ्यावर दुर्बीण लावा आणि फोकस थोडा बिघडवा. एकात एक कडी दिसतील. ती एका बाजूला कललेली असतील तर आरसे जुळवायला हवेत. नीट असूनही उकळत असतील तर दोष हवेचा आहे. थांबा किंवा दुसऱ्या रात्री या.

आरसा पुसायला मात्र धावू नका. 2018 च्या पावसाळ्यात मंगळावरचे डाग मला दिसेनात, म्हणून मी आरसा पुसला आणि त्यावर बारीक ओरखडे आले. धूळ होती ती मंगळावर! सगळ्या ग्रहाला वेढणारं ते वादळ होतं; त्यातच नासाची मंगळावर फिरणारी गाडी, ऑपॉर्च्युनिटी रोव्हर, कायमची गप्प झाली. ते ओरखडे आजही आरशावर आहेत.

मोठेपणाचा हव्यासही नको. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मोबाइलवर फिरणारा निरोप खोटा आहे, पण 14 आर्कसेकंदांचं बिंब 130 पट मोठं केलं की ते खरोखर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढं होतं. डोळ्याला ते पटत नाही, म्हणून माणूस 400 पटीवर जातो आणि धूसर गोळा पाहत बसतो. सहा इंची दुर्बिणीला 150 ते 200 पट पुरे.

आणि बसा. निदान वीस मिनिटं, स्टुलावर, डोळा न ताणता. हवा क्षणभर स्थिर होते तेव्हा कडेला उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी चमकते, मधे करडा डाग उमटतो, परत सगळं विरतं. तो क्षण लगेच वहीत उतरवा, पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात. डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने 1659 मध्ये असाच सिर्टिस मेजर या मंगळावरच्या ठळक गडद डागाचा काळा त्रिकोण काढला आणि मंगळाचा दिवस साधारण 24 तासांचा असल्याचं ओळखलं.

मंगळ स्वतःभोवती फिरायला 24 तास 37 मिनिटं घेतो. त्यामुळे रोज एकाच वेळी पाहिलं तर आठवडाभर जवळपास तीच बाजू समोर येते, ती थोडीथोडी सरकत. सिर्टिस मेजर दिसला नाही तर दुर्बीण बदलू नका. त्याच रात्री चार तासांनी पुन्हा बघा, नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी.