कर्नल बांधताना यूबीसॅन: आधी ट्रॅप बंद ठेवा

लिनक्स कर्नलमध्ये यूबीसॅन (सी भाषेत ज्यांचा परिणाम ठरलेला नाही अशा चुका कोड चालू असताना पकडणारी तपासणी) ४.५ आवृत्तीपासून आहे. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधण्याआधी पर्याय निवडायच्या मेन्यूत) ते चालू केलंत की त्याखालचा ट्रॅपचा पर्याय आधी बघा. तो चालू असेल तर कर्नलचा आकार कमी वाढतो, पण चूक सापडताच चालू कोड तिथेच तुटतो, मग त्या कोडने कुलूप (लॉक) धरलेलं असो वा नसो. चुका शोधायच्या असतील तर तो बंदच ठेवा. मग ३२ बिटी इंट (पूर्णांक) ३२ घरं सरकवला, की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) फाइल, ओळ आणि किती घरं सरकवला तो आकडा, सगळं मिळतं. सुरुवात ॲरेच्या हद्दी आणि शिफ्ट (बिट सरकवणं) या दोन तपासण्यांनी करा; माझ्या मते खरे बग इथेच जास्त निघतात. एखादी फाइल मुद्दाम वगळायची तर तिच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एका ओळीत वगळता येते. त्यासाठी अख्खी तपासणी बंद करू नका.