खाऱ्या पाण्यातला नवा मासा लपून बसतो तेव्हा काय करायचं

"मासा सोडला, दगडामागे गेला, दोन दिवस झाले तोंड दाखवलं नाही. काय करू?" मरीन टँक नव्यानं लावलेला माणूस हे विचारतो, तोवर कुणीतरी त्याला सल्ला देऊन मोकळा झालेला असतो. दगड काढून टाक. काडीनं हुसकाव. लाइट दिवसभर चालू ठेव, म्हणजे सवय होईल. सांगली-मिरजेत मरीन टँक ठेवणारे मोजकेच, त्यामुळे हे तीन सल्ले सगळीकडे फिरत असतात. तिन्हींनी मासा आणखी बुजतो.

प्रवाळाच्या खडकात राहणाऱ्या लहान माशाचं सगळं वागणं एका हिशोबावर चालतं: आपली फट इथून किती लांब आहे? फट जवळ असेल तर तो मोकळ्या पाण्यात फिरतो, खातो, भांडतोसुद्धा. फट नसेल तर कोपऱ्यात अंग चोरून बसतो. म्हणून टँकमध्ये लपायच्या जागा जितक्या जास्त, तितका मासा जास्त दिसतो. उलटं वाटलं तरी हेच खरं आहे. खरसुंडीच्या बाजारातून आणलेलं खिल्लार खोंडसुद्धा नव्या गोठ्यात पहिल्या दिवशी बिचकतं. हा तर समुद्रातून पकडलेला, दुकानाच्या टाकीत राहिलेला आणि मग पिशवीच्या अंधारात रात्रभर हिंदकळत आलेला जीव आहे. पैदास केंद्रातून आलेला क्लाऊनफिश त्या मानानं लवकर रुळतो, कारण काच आणि माणूस त्यानं जन्मापासून पाहिलेले असतात. केंद्र सरकारच्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं, म्हणजे सीएमएफआरआयनं, क्लाऊनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. पर्याय असेल तेव्हा पैदास केलेलाच मासा घ्या.

मासा येण्याआधी

मोठ्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (माशाच्या घाणीतून होणारी विषं) शून्य, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, तापमान २५-२६ अंश. एवढं जमलं नसेल तर मासा आणू नका.

पाणी आरओचं आणि त्यात तयार मरीन मीठ. रत्नागिरीहून कॅन भरून आणायचा सल्ला पावसाळ्यात तर मुळीच ऐकू नका. तेव्हा किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो.

नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडायचा नाही, मग तो कितीही टवटवीत दिसो. त्याचा आजार जुन्या माशांना लागू नये म्हणून त्याला निदान चार आठवडे वेगळा टँक हवा. साधी काच, हिटर आणि स्पंज फिल्टर पुरे. फक्त तो स्पंज आधी काही आठवडे मोठ्या टँकच्या पाण्यात मुरलेला असावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात बसलेले असतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो टाका. शेतीच्या पाइपलाइनचं दुकान आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. पाइप दोन्ही बाजूंनी उघडा हवा, एकच तोंड असलेली जागा माशाला सापळ्यासारखी वाटते. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फिका कागद चिकटवा. बाहेर अंधार आणि आत उजेड असला की काचेचा आरसा होतो, आणि घाबरलेला मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर धडकतो.

वर जाळी हवीच. फायरफिश आणि रॅस या जातींचे मासे बिचकले की उडी मारतात आणि सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात.

मोठ्या टँकमध्ये दगड रचताना गुहा आणि आरपार बोगदे ठेवा. आपला काळा दगड घट्ट असतो, त्यात जिवाणूंना जागा कमी मिळते. त्यापेक्षा सच्छिद्र सिरॅमिक रॉक चांगला. समुद्रावरून उचललेला प्रवाळ मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं २००१ पासून दगडी प्रवाळांना संरक्षण आहे, आणि समुद्री घोड्यांनाही.

पिशवी उघडताना

इथे माझं मत ठाम आहे. मुंबईहून रात्रभराच्या गाडीनं आलेल्या माशाला पिशवी उघडून दोन-दोन तास थेंब-थेंब पाणी देत बसू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानं पाण्याचा पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये माशानं सोडलेला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. तुम्ही पिशवी उघडता, वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे ज्या दोन तासांत तुम्ही माशाची काळजी घेत असता, त्या दोन तासांत त्याचे कल्ले जळत असतात. पुढचे चार दिवस तो का लपला, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा आणि मासा लगेच बाहेर काढा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये घालू नका. यासाठी विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून त्याच्या टाकीतला खारटपणा विचारायला हवा. कित्येक दुकानदार तो १.०२० च्या आसपास किंवा खाली ठेवतात. तुमचा वेगळा टँक त्याच आकड्यावर तयार ठेवा आणि नंतर रोज ०.००१ ते ०.००२ एवढाच वाढवत न्या. खारटपणा उतरलेला मासा बऱ्यापैकी सोसतो, एकदम चढलेला सोसत नाही. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला थेंब पद्धत चालते; तिथे अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो.

मासा जाळीनं नाही, भांड्यानं उचला. टँग आणि रॅबिटफिशचे काटे जाळीत अडकतात. रॅबिटफिशचे काटे विषारी असतात, उघडा हात जवळ नेऊ नका.

त्या दिवशी टँकचा लाइट लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मंद. पुढेही आधी खोलीतला दिवा, मग टँकचा.

पहिले चार-पाच दिवस: भीती की आजार?

मला सगळ्यात जड गेलेली पायरी ही. माशाला हात लावायचा नाही आणि त्याच्यावरची नजरही हटवायची नाही. घाबरून लपलेला आणि आजारानं लपलेला मासा लांबून सारखेच दिसतात. पहिल्याला औषध दिलं तर त्रास होतो, दुसऱ्याला दिलं नाही तर तो दोन-तीन दिवसांत जातो. "काही होत नाही, सगळेच लपतात" हे सांगणारा आणि "लगेच औषध टाक" म्हणणारा, दोघेही न बघता बोलत असतात.

आधी जात बघा. हॅलिकोएरीस जातीचे रॅस वाळूत शिरून झोपतात. नव्या जागी ते दिवसचे दिवस वाळूतच राहू शकतात आणि सुरुवातीला भलत्या वेळी उठतात. त्यांना उकरून काढणं हा अत्याचार आहे. या माशाच्या टँकमध्ये वाळूचा एक डबा ठेवा आणि थांबा. ब्लू टँग दगडाच्या फटीत अंग अडकवून आडवा पडतो, बघणाऱ्याला मेलाच वाटतो. रॅबिटफिश घाबरला की अंगावर तपकिरी डाग उमटतात आणि थोड्या वेळानं जातात. कार्डिनल रात्रीचा मासा, दुपारी तो दगडाच्या कपारीखालीच उभा राहणार. यातलं काहीही आजार नाही.

मग श्वास मोजा. कल्ल्यांची उघडझाप पंधरा सेकंद मोजायची, चारनं गुणायची आणि वहीत लिहायची. रोज एकाच वेळी, टँकपासून लांब बसून. एका आकड्याला फारसा अर्थ नाही, आकडे कुठे चाललेत ते महत्त्वाचं. पहिल्या दिवशी जास्त आणि रोज उतरता असेल तर मासा घाबरलेला आहे आणि सावरतो आहे. तिसऱ्या दिवशी चढत असेल तर ही भीती नव्हे. तेव्हा आधी अमोनिया तपासा, मग थर्मामीटर बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, टँकचं पाणीही तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाण्यावर छोट्या पंख्याचं वारं सोडा, उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी भरा. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअरपंप घरात असलाच पाहिजे.

तिसरी खूण, तो कुठे लपला आहे. घाबरलेला मासा आडोशाला जातो आणि तिथून डोळा तुमच्यावर ठेवतो. तुम्ही मागे सरकलात की थोडा पुढे येतो. व्हेल्व्हेट हा परजीवीचा आजार झालेला मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहतो, जोरात धापतो, आणि तुम्ही जवळ गेलात तरी फारसा दचकत नाही. हे न दचकणं मला सगळ्यात भीतिदायक वाटतं. बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका मारला तर अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसू शकते. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजे मरीन इक, रव्याच्या कणांसारखा दिसतो आणि मासा दगडाला अंग घासतो. व्हेल्व्हेट जास्त घाईनं मारतो, त्यात उद्यावर ढकलायला वेळ नसतो. उपचार तांब्याच्या औषधाचा, वेगळ्या टँकमध्येच, आणि टेस्ट किटनं रोज मात्रा तपासून. मोठ्या टँकमध्ये तांबं कधीच घालू नका. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ त्यानं मरतात आणि दगड ते शोषून बसतात.

या दिवसांत घरातल्यांशीही बोलून ठेवा. माशाच्या अंगाच्या बाजूला हादरे टिपणारी रेषा असते, त्या पार्श्वरेषेला पाण्यातला बारीकसा हादराही कळतो. काचेवर टकटक करणारी मुलं, टँकच्या स्टँडवरचा स्पीकर, शेजारच्या ओट्यावरचा मिक्सर, सगळं त्याच्यापर्यंत पोहोचतं. घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर गणपतीच्या दिवसांत नवा मासा आणू नका. डासांचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीतून कायमचं काढा. त्यातली पायरेथ्रॉइड रसायनं माशांना आणि कोळंबीला अतिशय घातक असतात.

खाणं

दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर घाबरू नका. पंप मंद करून गोठवलेला मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) ड्रॉपरनं लपायच्या जागेजवळ सोडा, पाच पावलं मागे जा, वीस मिनिटांनी उरलेलं काढा.

मोठ्या टँकमध्ये नेताना

चार आठवडे निरोगी काढलेला मासा इथे पुन्हा लपेल, आणि आता कारण बहुतेक वेळा जुने मासे असतील. टँक सुरू करायला म्हणून गळ्यात मारलेला तीन पट्ट्यांचा डॅमसेल किंवा डोमिनो हा नेहमीचा गुन्हेगार. अमोनियाचं चक्र, म्हणजे तो पचवणाऱ्या जिवाणूंची वाढ, माशाशिवाय बसवता येतं, त्यासाठी डॅमसेल घेऊ नका. बुजरे मासे आधी, दांडगे शेवटी, हा क्रम मोडू नका.

पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला भरपूर भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत एक एल्बो ठेवा आणि नव्या माशासकट डबा टँकमध्ये अडकवा. जुने मासे पहिल्या दिवशी डब्यावर धडका देतील. त्यांचा रस संपेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार दिवस, डबा तसाच ठेवा. मग संध्याकाळी जुन्या माशांना पोटभर घाला, दोन-तीन दगड हलवून त्यांच्या हद्दी मोडा, लाइट बंद करा आणि डब्याचं झाकण काढा. नवा मासा स्वतः बाहेर येऊ द्या, ओतू नका. दुसऱ्या दिवशी त्याचे पर फाटलेले दिसले, तर डब्यात पुन्हा त्याला घालायचं नाही. मारणाऱ्याला पकडून डब्यात घाला आणि आठवडाभर ठेवा. तेवढ्यात नव्या माशानं आपली फट पक्की केलेली असते. सुटल्यावरही मारणारा तसाच वागला, तर त्याला दुकानात परत द्या.